ढालीची डावी बाजू

ग्रीक पायदळातल्या हॉपलाइट सैनिकाची ढाल साधारण तीन फूट व्यासाची असायची. लाकडाची, गोल, जड. ती नुसती हातात धरायची नव्हती. डावा हात मधल्या पट्ट्यातून कोपरापर्यंत आत घालायचा आणि ढालीच्या उजव्या कडेजवळची मूठ पकडायची, अशी तिची रचना होती. आता घरातली एखादी थाळी घेऊन हे करून बघा. ढालीचा मधला भाग तुमच्या कोपराशी येतो, म्हणजे उजवी अर्धी ढाल तुमच्या छातीसमोर आणि डावी अर्धी तुमच्या अंगाच्या बाहेर. ती अर्धी तुमच्या काही कामाची नाही. ती तुमच्या डावीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या उघड्या उजव्या बाजूसाठी आहे. आणि तुमची उघडी उजवी बाजू? ती उजवीकडच्याच्या ढालीच्या भरवशावर.

असे आठ-आठ रांगांत उभे राहिलेले लोक म्हणजे फॅलँक्स. प्लुटार्कने नोंदवलेली एक स्पार्टन गोष्ट आहे: शिरस्त्राण टाकून पळालेल्याला एवढी शिक्षा नसे, पण ढाल टाकली तर अब्रू गेली. कारण शिरस्त्राण स्वतःसाठी असतं, ढाल सगळ्या रांगेसाठी.

हे वाचायला फार छान वाटतं. पण थुसिडिडीज नावाचा इतिहासकार होता, त्याला छान वाटण्यात रस नव्हता. इ.स.पू. 418 मधल्या मँटिनियाच्या लढाईबद्दल लिहिताना तो सांगतो की सगळीच सैन्यं चालताना उजवीकडे सरकत जातात. का? प्रत्येक जण आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड जास्तीत जास्त लपवायला बघतो म्हणून. म्हणजे हजारो माणसं एकमेकांना वाचवायला उभी आहेत आणि त्याच वेळी प्रत्येक जण इंचाइंचाने दुसऱ्याच्या आडोशाला सरकतोय. माझ्या मते माणसांच्या एकत्र राहण्याबद्दल याहून खरं निरीक्षण फार कमी सापडेल.

व्यूहरचनेची पुस्तकं वाचताना मला नकाशे आणि बाण फारसे आठवत नाहीत. प्रत्येक व्यूहामागे माणूस कसा असतो याबद्दलचं एक मत दडलेलं असतं, ते आठवतं. मॅसेडोनियन फॅलँक्समध्ये भाले इतके लांब, पाच-सहा मीटरचे, की पहिल्या पाच रांगांची टोकं पुढे बाहेर यायची. त्यात एकट्या माणसाला काही ठरवायचंच नव्हतं. वळायचं म्हटलं तरी वळता येत नसे. रोमन लीजन वेगळं. तीन ओळी, मध्ये मोकळ्या जागा, पुढचे थकले की मागचे पुढे. माणूस थकतो, हे तिथे गृहीत धरलं होतं. पॉलिबियसने या दोघांची तुलना केली आहे आणि त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा, की सपाट जमिनीवर समोरून फॅलँक्सला तोड नाही, पण जग सपाट नसतं. इ.स.पू. 168 मध्ये पिडना इथे खडबडीत जमिनीवर फॅलँक्समध्ये फटी पडल्या आणि रोमन सैनिक छोट्या टोळ्यांनी त्या फटींतून आत शिरले. भाले लांबच होते, पण माणूस आत आल्यावर लांब भाल्याचं करायचं काय?

आपल्याकडे व्यूह म्हटलं की अभिमन्यू. पण व्यूहांचं खरं कोरडं गणित कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात आहे. दंड, भोग, मंडल, असंहत असे प्रकार; पक्ष, कक्ष, उरस्य असे भाग; दोन पायदळ सैनिकांमध्ये अंतर किती आणि दोन घोड्यांमध्ये किती, तेही. मला त्यातल्या दोन गोष्टी विचारात पाडतात. एक म्हणजे 'प्रतिग्रह', मागे ठेवलेली राखीव फळी. राजाने दोनशे धनुष्यांच्या अंतरावर मागे थांबावं, फुटलेल्यांना सावरावं आणि प्रतिग्रहाशिवाय लढूच नये, असं कौटिल्य सांगतो. ओळ फुटणार हे त्याने मान्य करून टाकलंय. दुसरी म्हणजे 'पादगोप' हा शब्द. हत्ती, घोडे आणि रथांच्या पायांशी राहून त्यांचं रक्षण करणारे लोक. ग्रीक पायदळवाला शेजारच्या माणसाची बाजू राखत होता, आपला पायदळवाला हत्तीचे पाय. कोण कोणासाठी मरणार याची उतरंड त्या एका शब्दात आहे. (हत्तीला मात्र याची कल्पना नसावी. घाबरला की तो आपल्याच पादगोपांना तुडवायचा.)

जाता जाता अभिमन्यूबद्दल. त्याला बाहेर पडायचं ज्ञान नव्हतं म्हणून तो मेला, असं आपण लहानपणापासून ऐकतो आणि अर्धवट ज्ञान धोक्याचं असतं असा बोध घेतो. महाभारतातली गोष्ट तशी नाही. त्याने स्वतःच सांगितलं होतं की मला फक्त आत शिरता येतं. तू फट पाड, आम्ही मागोमाग येतो, असा शब्द मोठ्यांनी दिला होता. जयद्रथाने ती फट बुजवली. अपयश ज्ञानाचं नव्हतं. मागची ओळ पोचली नाही.

तर प्रश्न असा आहे: ओळ धरून राहणारा शूर, की ओळ मोडून पुढे जाणारा?

स्पार्टात अ‍ॅरिस्टोडेमस नावाचा एक माणूस होता. थर्मोपायलीच्या खिंडीत, इ.स.पू. 480 मध्ये, 300 स्पार्टन मारले गेले. हा डोळ्यांच्या आजारामुळे मागे राहिला आणि जिवंत परतला. गावात त्याच्याशी कोणी बोलेना, चुलीसाठी विस्तव देईना. त्याला नाव पडलं 'थरथरणारा'. पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या लढाईत तो ओळ सोडून एकटा शत्रूवर तुटून पडला, प्रचंड पराक्रम केला आणि मेला. हिरोडोटस म्हणतो, माझ्या मते सगळ्यात शूर तोच. पण स्पार्टन लोकांनी त्याला मानसन्मान नाकारला. त्याला मरायचंच होतं, म्हणून तो वेड्यासारखा ओळ सोडून गेला, असं त्यांचं म्हणणं. ज्याला जगायचं होतं आणि तरी जो जागा न सोडता लढला, तो पोसिडोनियस त्यांना श्रेष्ठ वाटला.

आता हा निकाल घेऊन कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीला या. 24 फेब्रुवारी 1674. सरनौबत प्रतापराव गुजर. बहलोलखानाला हाती आलेला असताना सोडून दिल्याबद्दल महाराजांनी कठोर शब्दांत जाब विचारला होता, असं बखरी सांगतात. खान पुन्हा समोर आल्यावर प्रतापराव सैन्याची वाट न बघता निघाले. परंपरा सांगते की सोबत फक्त सहा स्वार. सातही जण पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि तिच्या गाण्याने ही घटना घराघरात नेली. ते गाणं लागल्यावर माझ्याही अंगावर काटा येतो, आणि तो खोटा नसतो. पण काटा ओसरल्यावर एक वैतागवाणा प्रश्न उरतो. प्रतापराव शिपाई नव्हते, अख्ख्या घोडदळाचे प्रमुख होते. राज्याभिषेक तीन-साडेतीन महिन्यांवर आला होता. त्या दिवशी सैन्याचा सेनापती कोण होता? म्हणजे उजवीकडची ढाल होती कुठे? हंबीरराव मोहिते पुढे सरनौबत झाले आणि सैन्य उभं राहिलं, हे नशीब.

मी प्रतापरावांना कमी लेखत नाही. अ‍ॅरिस्टोडेमस आणि ते एकाच जखमेतून निघाले होते: ज्यांच्या नजरेची पर्वा आहे त्यांच्या नजरेतून उतरणं. फरक समाजाचा आहे. स्पार्टाने आपल्या वीराला सांगितलं की तुझ्या मरणात आमचा विचार नव्हता. आपण गाणं लिहिलं. स्पार्टाचा निकाल क्रूर होता, पण तो शेजारच्या माणसाच्या बाजूने दिलेला होता. आपलं गाणं सुंदर आहे, पण त्यात मागे राहिलेल्या सैन्याला जागा नाही.

पानिपतावर याची किंमत दिसली. 14 जानेवारी 1761. इब्राहिमखान गारदीचं शिस्तबद्ध पायदळ आणि त्याच्या बंदुका-तोफा यांच्यावर भाऊसाहेबांनी गोलाची लढाई आखली होती. सगळ्यांनी आपापली जागा धरून हळूहळू सरकायचं. अनेक इतिहासकारांनी लिहिलंय की गारद्यांचा मारा लागू पडत असताना विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार उत्साहात पुढे घुसले, गारद्यांना आपलेच लोक समोर आल्याने अडचण झाली आणि स्वार मागे रेटले गेले. पानिपत एवढ्याशा कारणाने हरलं असं कोणी शहाणा म्हणणार नाही. उपाशी सैन्य, यात्रेकरूंचा लवाजमा, विश्वासरावांचा मृत्यू, सगळंच होतं. पण ओळीत थांबणं आमच्या घोडदळाला कमीपणाचं वाटत होतं, हे खरं. थांबला तो इब्राहिमखान. जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला.

इथवर माझा कल तुमच्या लक्षात आला असेल. तो अडचणीत आणणारी लढाई माझ्याच गावात झाली.

बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर उतरणाऱ्या हजारोंपैकी फार थोडे वर टेकडीकडे बघतात. किल्ला लष्कराच्या ताब्यात, वर्षातून ठरावीक दिवशीच उघडतो. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी तिथे किल्ला नव्हता. दोन टेकड्या होत्या, एक मोठी, एक छोटी, आणि पायथ्याशी रेसिडेंट जेंकिन्सचा बंगला. टेकड्यांवर कर्नल स्कॉटच्या हाताखाली कंपनीचे सुमारे 1,400 लोक, बहुतेक मद्रासकडचे शिपाई. समोर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य, अठरा-वीस हजारांचं. त्यात खरी धार होती ती तीन-चार हजार अरबांची, समुद्रापलीकडून चाकरीला आलेल्या भाडोत्री पायदळाची. रात्रभर गोळीबार चालला. सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे फिरवली. आता संपलं, अशी वेळ.

खाली मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्डचे तीन तुकड्या घोडेस्वार होते. जागा सोडायची नाही, असा त्यांना हुकूम. त्याने हल्ल्याची परवानगी मागितली, नाकारली गेली. पुन्हा मागितली. करायचाच तर स्वतःच्या जबाबदारीवर कर, अशा अर्थाचं उत्तर आलं म्हणतात. तो निघाला, भोसल्यांच्या स्वारांना उधळलं, तोफा घेतल्या. ते बघून वरच्यांना हुरूप आला, छोट्या टेकडीवर दारूच्या पेटीचा स्फोट होऊन अरबांमध्ये गोंधळ झाला, शिपायांनी ती टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली आणि तिच्याबरोबर नागपूरचं स्वातंत्र्यही, जवळजवळ. कंपनीचे 367 लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे चारातला एक.

ओळ मोडणाऱ्याने ओळ वाचवली. मग स्पार्टाचं काय करायचं?

एक सोपं उत्तर म्हणजे निकाल बघायचा. जिंकला तर फिट्झजेराल्ड, हरला तर विंचूरकर. जगात बहुतेक वेळा असंच चालतं आणि ते मला पटत नाही. दारूची पेटी फुटली नसती तर त्याच माणसाला आपण उतावळा म्हटलं असतं, आणि पेटी काही त्याने फोडली नव्हती. दुसरं उत्तर जरा कष्टाचं आहे. त्याने आधी विचारलं. नकार मिळाल्यावर पुन्हा विचारलं. जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली. आणि तो निघाला तेव्हा जागा धरून राहण्याचा अर्थ संपत आला होता, कारण जी ओळ धरायची ती तासाभरात उरणार नव्हती. अ‍ॅरिस्टोडेमसच्या डोक्यात तो स्वतः होता. फिट्झजेराल्डच्या डोक्यात काय होतं ते कळायला मार्ग नाही, पण त्याच्या कृतीत टेकडीवरचे लोक दिसतात. हा माणूस आपल्या पारतंत्र्याच्या बाजूने लढत होता. त्यामुळे हे लिहिताना मला आनंद होत नाहीये, पण म्हणून लिहिलं नाही तर तेही लबाडीचंच.

या लढाईतली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी माणसं मात्र वेगळी आहेत. 16 डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले. त्यांच्या सैन्याने तरी लढाई दिली, हरलं. त्यानंतर अरब शहरात शिरले, महालाच्या भिंतींआड. 24 डिसेंबरला जनरल डव्हटनने जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, हल्ला चढवला. तो अरबांनी परतवला. राजा शत्रूच्या ताब्यात, पगाराची शाश्वती नाही, घर समुद्रापार, आणि ही माणसं दरवाजा धरून आहेत. कोणासाठी? 30 डिसेंबरला शस्त्रं, सामान आणि बायकापोरं घेऊन जाऊ देण्याच्या अटीवर ते बाहेर पडले.

भाडोत्री हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पैशासाठी लढणाऱ्याला निष्ठा कसली, वगैरे. पण ज्याच्यासाठी ओळ उभी केली होती तोच ओळीतून निघून गेला, तेव्हा ओळ टिकली ती याच लोकांची. देशासाठी नाही, राजासाठी नाही. मला वाटतं, उजवीकडच्यासाठी आणि मागच्या बायकापोरांसाठी. त्यांनी मरायचं ठरवलं नव्हतं, हेही महत्त्वाचं. बरोबर निघायचं ठरवलं होतं.

हे सगळं जुनं आहे असं वाटत असेल तर 2021-22 चा एसटीचा संप आठवा. ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलपर्यंत, पाच महिन्यांहून जास्त. संप म्हणजे आजचा फॅलँक्सच: एकाने जागा सोडली की शेजाऱ्याची बाजू उघडी. आणि तरी काही जण आधी कामावर परतले. कोणाच्या घरी पोरीची फी, कोणाच्या घरी आजारपण, कोणाला बडतर्फीची नोटीस. त्यांना 'थरथरणारे' म्हणायचं का? स्पार्टाने याचंही उत्तर दिलेलं आहे आणि ते विनोदी आहे. इ.स.पू. 371 मध्ये ल्यूक्ट्राला थीब्जने त्यांना झोडपलं आणि जीव वाचवून परतलेले इतके निघाले की सगळ्यांना शिक्षा करायची तर लढायला कोणी उरेना. राजा एजिसिलाउसने सांगितलं, आजच्या दिवस कायदा झोपू द्या. एकट्या अ‍ॅरिस्टोडेमसला विस्तवही मिळाला नाही, शेकडो झाले तेव्हा कायदाच झोपला. भित्रेपणाची शिक्षा भित्रेपणावर नाही, एकटेपणावर ठरली. परतलेल्या त्या कंडक्टरकडे बघताना निदान एवढं विचारावं: त्याची ढाल खाली आली, पण त्याच्या उजवीकडे कोणी होतं का? संपाचा निधी, शेजारच्या घरचं धान्य, युनियनचा फोन? कौटिल्याचा प्रतिग्रह कुठे होता?

आणि अजून एक गोष्ट, जी ढालीच्या सुंदर चित्रात लपून जाते. त्या रांगेत उभं राहायची परवानगी कोणाला होती? ज्याला ढाल परवडते त्याला. गरीब अथेनियन जहाजं वल्हवत. स्पार्टात हेलॉट नावाचे दास होते. थुसिडिडीज सांगतो, एकदा स्पार्टाने जाहीर केलं की युद्धात आमच्यासाठी ज्यांनी सर्वाधिक पराक्रम केला त्यांनी पुढे यावं, स्वातंत्र्य देऊ. सुमारे 2,000 जण निवडले, हार घालून देवळांभोवती फिरवले, आणि मग ते सगळे गुपचूप नाहीसे केले गेले. जो पुढे येण्याइतका ताठ आहे तोच उद्या उलटेल, हा हिशोब.

महाराष्ट्रात याची आवृत्ती कमी रक्ताची, पण ओळखीची आहे. सीताबर्डीनंतर महिन्याभराहून थोड्या जास्त काळाने, 1 जानेवारी 1818 ला, कोरेगावला मुंबईच्या पलटणीत महार शिपाई खांद्याला खांदा लावून उभे होते. गावात ज्यांची सावली चालत नव्हती त्यांचा खांदा ओळीत चालत होता. 1890 च्या दशकात सरकारने 'लढवय्या जाती' नावाचं शास्त्र काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडावं लागलं. बंदीमागचा तर्क असा, की ओळ विश्वासावर चालते आणि विश्वास आपल्यासारख्यावरच बसतो. म्हणून शिखाशेजारी शीख, राजपुताशेजारी राजपूत. हा तर्क मूर्खपणाचा नाही, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. वसाहतीत, हॉस्टेलच्या मेसमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण रोज तोच चालवतो.

1949 मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली गेली ती हा तर्क बाजूला ठेवून. कुठल्याही जातीचा, कुठल्याही प्रांताचा जवान एकाच कंपनीत. तिचं प्रशिक्षण केंद्र आज आपल्या कामठीत आहे. बर्डीवरून मेट्रो पकडून ऑटोमोटिव्ह चौकाला उतरलात की पुढे रस्त्याने तिकडेच जायचं. एनसीसी केलेल्यांना तिथली कवायत वेगळी सांगायला नको. 'दाहिने सज' म्हटलं की सगळ्या माना उजवीकडे वळतात आणि प्रत्येक जण शेजाऱ्याशी ओळ जुळवतो. मँटिनियात माणसं उजवीकडे सरकत होती ती लपायला. इथे उजवीकडे बघायचं ते सरळ उभं राहायला. फक्त उजव्या टोकाचा जवान मान वळवत नाही. ग्रीकांकडे ती जागा मानाची समजत, कारण तिथल्या माणसावर कोणाचीच ढाल येत नसे.